नाना पेठेतला पोटमाळा : जुन्या फियाटचे सुटे भाग ओळखण्याचे आणि विकण्याचे एक प्रकरण

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांचे एक लहानसे दुकान होते. मालकांच्या निधनानंतर ते काही वर्षे बंदच राहिले, आणि वाडा पुनर्विकासाला गेल्यामुळे जागा सहा आठवड्यांत रिकामी करण्याची वेळ आली. दुकानाच्या पोटमाळ्यावर सात लोखंडी ट्रंका आणि तीन लाकडी खोकी होती. त्यांत बहुतांशी फियाटचे, थोडे अँबॅसॅडरचे आणि अगदी मोजके स्टँडर्ड हेराल्डचे भाग होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ‘सगळे मिळून’ पंचाऐंशी हजार रुपये देऊ केले होते आणि दोन दिवसांत उत्तर मागितले होते. मालकांच्या पुतण्याची आणि माझी जुनी ओळख. माझ्याकडे १९६४ नंतरची एक फियाट डिलाइट वीस वर्षे आहे आणि तिच्या निमित्ताने सुट्या भागांच्या मागे मी बरेच हिंडलो आहे, म्हणून त्याने मला बोलावले. काकूंनी चहा ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारला, “भाऊ, यातलं ओरिजिनल कुठलं आणि भंगार कुठलं, हे आता आम्हाला कोण सांगणार?”

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मिळायला मात्र पाच आठवडे लागले, कारण ‘ओरिजिनल’ हा शब्द बाजारात जितक्या सहज वापरला जातो तितका तो सुटसुटीत नाही.

फियाटच्या बाबतीत ही गुंतागुंत कशी निर्माण झाली, ते आधी सांगितले पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याखाली मोटारी निघू लागल्या. पन्नाशीच्या दशकातली गोलसर ११०० आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखली जाते. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ पासून तीच मोटार पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. म्हणजे मूळ आराखडा आणि १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन जवळजवळ तसेच ठेवून एक मोटार साडेतीन दशके बनत राहिली. त्यामुळे पोटमाळ्यावर सापडलेला एखादा भाग १९६६ चा असू शकतो आणि १९९२ चाही असू शकतो, आणि दोन्ही दिसायला सारखेच असतात. शिवाय सुरुवातीला इटलीतून येणारे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनू लागले. एकाच भागाचे इटालियन, कंपनीने इथे बनवून घेतलेले आणि बाहेरच्या लहान कारखान्यांनी नक्कल करून बनवलेले, असे तीन वंश बाजारात एकत्र नांदत आले आहेत. परवाना राज्याच्या काळात कंपनीचा माल महिनोन्‌महिने मिळत नसे, तेव्हा या तिसऱ्या वंशानेच टॅक्सी रस्त्यावर ठेवल्या. त्या कारागिरांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. त्यांचा माल दुसऱ्या नावाने विकण्याला मात्र माझा विरोध आहे.

मी पोहोचण्यापूर्वी एक नुकसान होऊन गेले होते. काकूंनी चांगल्या हेतूने पहिल्या ट्रंकेतले भाग रॉकेलने धुऊन, पुसून वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. त्या भागांना सुतळीने बांधलेल्या कागदी चिठ्ठ्या, मेणकागदाची वेष्टने आणि कारखान्यात गंज लागू नये म्हणून लावलेले पिवळट घट्ट ग्रीस, हे सगळे गेले होते. पन्नास वर्षे एका जागी पडून असलेल्या भागावरचे वाळलेले ग्रीस, त्याला चिकटलेले कागदाचे तंतू आणि त्यात उमटलेला वेष्टनाच्या घडीचा ठसा यांचे सोंग करता येत नाही. आम्लात बुडवून मुद्दाम जुना केलेला भाग सगळीकडे सारखाच गंजतो. खरा जुना भाग मात्र हात लागला तिथे जास्त आणि ग्रीस होते तिथे कमी असा डागाडागांनी गंजतो. म्हणून उरलेल्या सहा ट्रंका उघडताना आम्ही आधी जसेच्या तसे फोटो काढले, प्रत्येक थराला क्रमांक दिला आणि कोणत्याही भागाला कापड लावले नाही. मोजदाद झाली तेव्हा ४१२ नग भरले.

त्याहून मोठा ठेवा तिसऱ्या खोक्याच्या तळाशी होता. काकांनी खरेदीच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. तारीख, माल, नग आणि दर, आणि शेवटच्या रकान्यात ‘कं.’ किंवा ‘लो.’ अशी एकाक्षरी खूण. ‘कं.’ म्हणजे कंपनी आणि ‘लो.’ म्हणजे लोकल, हे पुतण्याला ठाऊक नव्हते. ते आम्हाला रास्ता पेठेतल्या एका निवृत्त मिस्त्रींनी सांगितले, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात आणि ज्यांनी उमेदीची वर्षे फियाटच्याच कामावर काढली आहेत. काकांनी स्वतःच्या वहीत खरे लिहून ठेवले होते, ही गोष्ट मला या सगळ्या कामात फार मोलाची वाटली. वहीतल्या नोंदी आणि प्रत्यक्ष नग जुळवायला आठ दिवस गेले. सुमारे दीडशे नगांचा मेळ लागला, बाकीच्यांची ओळख वस्तूवरूनच पटवावी लागणार होती.

इथे माझ्या हातून चूक झाली, आणि ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या ट्रंकेत डिकीवर लागणाऱ्या मोनोग्रामचे, म्हणजे मोटारीच्या नावाच्या धातूच्या अक्षरपट्टीचे, बारा नग होते. त्यांतले आठ छापील पुठ्ठ्याच्या डब्यांत होते आणि चार नुसतेच एका फडक्यात गुंडाळलेले होते. डबे जुने होते, छपाई त्या काळची होती, आतले मोनोग्राम चकचकीत होते. फडक्यातल्या चारांवर क्रोमखालून बारीक फोड आलेले होते. मी डब्यातले आठ ‘कंपनीचे’ आणि फडक्यातले चार ‘लोकल’ असे लिहून मोकळा झालो. उस्तादांनी संध्याकाळी यादी पाहिली, एक डब्यातला आणि एक फडक्यातला नग दोन हातांत घेऊन वजन तोलले आणि म्हणाले, “साहेब, उलटं लिहिलंय तुम्ही. पुढून काय बघता? पाठ बघा.”

पाठ पाहिल्यावर सगळे स्पष्ट झाले. कारखान्यात असे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, ज्याला बाजारात मझाक म्हणतात, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबाने ओतून बनवत. अशा ओतिवाची पाठ गुळगुळीत असते. भाग डायमधून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे लहान गोल ठसे तिच्यावर उमटलेले असतात, आणि क्रमांक असेल तर तो उठावदार व धारदार असतो. फडक्यातल्या चारही नगांवर हे सगळे होते. डब्यातल्या आठांची पाठ वाळूच्या कागदासारखी खरखरीत होती, अक्षरांच्या कडा मऊ झालेल्या होत्या आणि एका जागी कानस फिरवल्याच्या रेघा होत्या. ते पितळेचे, वाळूच्या साच्यात ओतलेले होते. क्रोमखालचे फोड हा दोष खराच, पण तो मझाकचा स्वाभाविक दोष आहे. क्रोमचा थर अत्यंत पातळ असतो, संरक्षण करतात ते त्याखालचे निकेल आणि तांबे. तिथे सूक्ष्म छिद्र राहिले की ओल जस्तापर्यंत पोहोचते आणि फोड येतात. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळी हवेत, पत्र्याच्या छपराखाली, हे होणारच. मी ज्याला नकलीपणाची खूण समजलो होतो ती अस्सलपणाचीच एक खूण निघाली. डबे खरे होते, आतला माल बदलला होता. कदाचित काकांनीच कधीतरी रिकाम्या डब्यांत लोकल माल सुरक्षित राहावा म्हणून ठेवला असेल, कारण वहीत त्या आठ नगांपुढे ‘लो.’ अशीच खूण सापडली. मी वही पाहण्याआधी डबा पाहिला, एवढीच माझी चूक होती, आणि ती पुरेशी मोठी होती.

उस्तादांनी दाखवलेली दुसरी कसोटी मला अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात डोळ्याला फसायला जागा नाही. नक्कल करणारा बहुधा मूळ भागाचाच साच्यात ठसा घेतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, पितळ साधारण दीड टक्का. त्यामुळे मूळ भागावर दोन खुंटांमध्ये १२५ मिलिमीटरचे अंतर असेल, तर नकलेत ते १२३ च्या आसपास भरते. नकलेची नक्कल केली असेल तर आणखी घटते. हा फरक नजरेला जाणवत नाही, व्हर्निअर कॅलिपरला जाणवतो आणि डिकीच्या पत्र्यातल्या भोकांना तर लगेच जाणवतो. गॅरेजमध्ये ‘भोक जरा मोठं करून घ्या’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्यामागचे कारण इथे सापडेल. मोजमापासाठी संदर्भ लागतो. सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबाकडे पहिल्या मालकापासून घरातच असलेली, कधीही रंगकाम न झालेली डिलाइट आहे. त्यांनी मोठ्या मनाने एक पूर्ण रविवार आम्हाला ती मोटार मोजू दिली. अशी एक अस्पर्शित मोटार शंभर वर्णनांपेक्षा उपयोगी पडते. चुंबकाची कसोटी तर प्रत्येकाने खिशात बाळगावी. मझाक आणि पितळ या दोघांनाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ती त्या दोहोंत फरक करू शकत नाही, पण पत्रा ठोकून, वर मुलामा देऊन बनवलेल्या कड्या आणि पट्ट्या ती क्षणात वेगळ्या काढते. आमच्या यादीतल्या एकवीस नगांचा निकाल चुंबकाने पाच मिनिटांत लावला.

विजेच्या भागांची गोष्ट वेगळी. अँबॅसॅडरसाठीचे पाच डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणारे डिस्ट्रिब्युटर, निघाले. त्यांतल्या दोघांच्या अंगावर ‘लुकास, मेड इन इंग्लंड’ असे आणि त्याखाली दोन आकडी जोड्या ठोकलेल्या होत्या. लुकासच्या त्या काळच्या पद्धतीत पहिली जोडी वर्षातल्या आठवड्याची आणि दुसरी वर्षाची असते, त्याआधीच्या भागांवर आठवड्याऐवजी महिना असे. ‘३२ ६५’ म्हणजे १९६५ चा बत्तिसावा आठवडा. उरलेल्या तिघांवर लुकास-टीव्हीएसचे नाव होते, आणि ती कंपनी मद्रासला १९६१ मध्ये सुरू झाली. इथे ग्राहकांची एक ठाम समजूत आडवी आली, की इंग्लंडचा तो अस्सल आणि मद्रासचा तो दुय्यम. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. १९७० च्या अँबॅसॅडरमध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्याने भारतीय डेल्को बसवला असेल, तर त्या मोटारीसाठी भारतीय डेल्कोच अस्सल आहे आणि इंग्लंडचा डेल्को, तो कितीही सुरेख असला तरी, परका आहे. फियाटच्या बाबतीतही ‘इटालियन आहे का हो?’ हाच प्रश्न दहांतले आठ जण विचारत. अस्सलपणा देशावरून ठरत नाही, कोणत्या वर्षीच्या कोणत्या मोटारीत कारखान्याने काय बसवले होते, त्यावरून ठरतो.

म्हणून आम्ही ‘ओरिजिनल’ हा शब्द यादीतून काढूनच टाकला आणि त्याच्या जागी चार वर्णने ठरवली : मोटार बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचा न वापरलेला जुना माल, कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या नावाचा न वापरलेला माल, बाहेरच्या कारखान्याचा त्या काळातला लोकल माल, आणि मोटारीवरून उतरवलेला वापरलेला माल. प्रत्येक वर्णनापुढे ते कशावरून ठरवले, तेही लिहिले : वहीतली नोंद, अंगावरची खूण, मोजमाप, की केवळ उस्तादांचे मत. शेवटचा प्रकार आम्ही लपवला नाही. सत्तेचाळीस नगांपुढे ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहिले, आणि ते नग लोकल मालाच्या भावाने विकायचे ठरवले.

ब्रेकच्या भागांवर थोडे थांबायला हवे, कारण तिथे अस्सल असणे आणि वापरण्याजोगे असणे या दोन गोष्टी एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या होतात. चाकातले ब्रेक दाबणारे अकरा व्हील सिलिंडर सीलबंद निघाले, वहीत ‘कं.’ अशी नोंद होती, अस्सलपणाबद्दल तीळमात्र शंका नव्हती. पण आतले रबरी वायसर पाच दशकांत कडक झाले होते, दोन सिलिंडरांच्या आतल्या भिंतीवर ओलीने खड्डे पडले होते. डब्यातून काढून तसाच बसवलेला असा सिलिंडर उतारावर दगा देऊ शकतो. आम्ही प्रत्येकावर ठळक लिहिले : ‘आतून होनिंग करून (भिंत घासून गुळगुळीत करून) आणि रबरी भागांचे नवे किट घालूनच वापरावा’, आणि खड्डे पडलेले दोन विक्रीतून काढले. ब्रेक लायनरचे सहा संच होते. त्या काळच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. हे संच आम्ही विकलेच नाहीत. पुतण्या थोडा नाराज झाला, कारण एक गिऱ्हाईक ‘नुसतं कपाटात ठेवायला’ म्हणून चांगले पैसे देत होते. कपाटातली वस्तू उद्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये कानशीखाली जाते, आणि तेव्हा कपाटाची गोष्ट कोणालाच आठवत नाही.

खरी कसोटी पाचव्या ट्रंकेतल्या एका लिफाफ्याने पाहिली. त्यात मोटारीच्या ओळखीच्या दोन कोऱ्या पट्ट्या होत्या, ज्यांवर कारखाना चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक ठोकतो. त्या अस्सल होत्या यात शंका नाही. बातमी कशी पसरली ते कळले नाही, पण तीन दिवसांत एका गृहस्थांचा फोन आला आणि त्यांनी एका पट्टीला पंधरा हजार देऊ केले. पट्टी कशासाठी हवी, हे त्यांनी सांगितले नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या सुधारणेनंतर, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या मोटारींना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. नवीन नोंदणीचे शुल्क वीस हजार आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये आहे. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट. अशा वेळी कोरी पट्टी म्हणजे दोन-तीन मोटारींचे तुकडे जोडून तयार केलेल्या मोटारीला खोटा जन्मदाखला देण्याचे साधन ठरू शकते. काकूंना मी हे समजावून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “यांनी इतकी वर्षं त्या विकल्या नाहीत, त्या अर्थी त्यांनाही ते पटलं नसणार.” दोन्ही पट्ट्या त्यांनी माझ्यासमोर पत्रा कापायच्या कात्रीने कापल्या.

विक्री आम्ही तीन वाटांनी केली. मुंबईच्या व्यापाऱ्याला नम्रपणे नकार दिला. बहुतेक लोकल माल आणि वापरलेला माल ठोक भावाने नाना पेठेतल्याच दोन दुकानदारांना आणि गॅरेजवाल्यांना दिला. त्यातला काही उद्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात दिसला तरी हरकत नव्हती, कारण त्यावर काय आहे ते लिहिलेले होते. उरलेले १६३ नग मोटारमालकांना एकेक करून विकायला काढले. प्रत्येक नगाचे पुढून, पाठीमागून आणि कॅलिपरसकट असे तीन फोटो दिले, दोषाचा फोटो सर्वांत आधी ठेवला आणि पावतीवर चारांपैकी नेमके वर्णन लिहिले. पावतीवरचे शब्द केवळ सौजन्यापोटी नव्हते. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही गर्भित अट असते. ‘जसा आहे तसा’ असे तोंडी म्हटल्याने लिहिलेले खोटे वर्णन खरे ठरत नाही.

भाव ठरवताना आमच्यात मतभेद झाले. पुतण्याचे म्हणणे होते की फोड आलेला मझाकचा मोनोग्राम चकचकीत पितळी मोनोग्रामपेक्षा महाग विकला, तर लोक हसतील. प्रत्यक्षात उलट घडले. चारांपैकी तीन मोनोग्राम पहिल्याच आठवड्यात गेले आणि तिघांही मालकांनी फोडांसकटच ते हवे म्हणून सांगितले, कारण फोड आलेल्या मझाकवर पुन्हा मुलामा देणे कठीण असते. खड्डे घासून काढताना अक्षरांची धार जाते आणि आम्ल जस्तालाच खाते. पितळी आठ मोनोग्रामही गेले, स्वस्तात, रोज मोटार चालवणाऱ्या मालकांकडे, आणि त्यांना ते योग्यच होते. पितळ टिकते, त्यावर मुलामा छान बसतो.

वाद एकच झाला. साताऱ्याच्या एका मालकांनी घेतलेली पुढच्या ग्रीलची पट्टी त्यांच्या मोटारीला बसेना. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता. पट्टीवर कंपनीची खूण होती, वहीत नोंद होती, मोजमाप संदर्भाच्या मोटारीशी जुळत होते. आम्ही त्यांना त्यांच्या मोटारीच्या भोकांमधले अंतर मोजून कळवायला सांगितले, तेव्हा ते दोन मिलिमीटर कमी निघाले. मोटारीवर आधी लोकल पट्टी होती आणि तिच्या मापाने कोणीतरी नवी भोके पाडली होती. पट्टी परत घ्यायची तयारी आम्ही दाखवली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि भोके भरून मूळ जागी पाडून घ्यायचे ठरवले.

जागा सोडण्याच्या दिवशी हिशेब झाला. ठोक आणि सुटी विक्री मिळून एक लाख ब्याण्णव हजार रुपये आले होते आणि अडतीस नग शिल्लक होते. काकूंनी ते आणि वह्या माझ्याकडे ठेवायला दिल्या. गेल्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या त्या कुटुंबाला डाव्या दाराच्या हँडलची गरज पडली. शिल्लक मालात, मूळ यादीतल्या एकशे एकोणचाळीसाव्या क्रमांकाचे, ते हँडल होते. काकांच्या अक्षरात पुढे ‘कं.’ आणि पाठीवर पिनांचे दोन गोल ठसे. ते त्यांच्या दारावर भोके न वाढवता बसले.